मनगट

तिरुपतीनं पुण्याहून घड्याळ पाठवलं.
वेळ आहे त्यात, पण बारीक, कोपऱ्यात.
मोठा आकडा दुसऱ्याच कशाचा.

"नाना, झोपताना घट्ट बांधा.
सैल राहिलं की खोटं बोलतं."

बांधलं घट्ट.
पोटाखाली तांबडा दिवा लावून
ते रात्रभर माझ्या कातड्याच्या आत
काहीतरी शोधत बसतं,
आणि सापडेल ते पुण्याला कळवतं.

मोजून घ्यायची सवय आहे मला.
अक्कलकोट रोडला एकतीस वर्षं,
मागाच्या कडेला आकड्यांचं एक डबडं :
धोटा गेला, एक. धोटा आला, एक.
शेठ माणसाकडे नाही,
डबड्याकडे बघून पगार करायचा.
डबडं आता मनगटावर आलंय, एवढंच.

डॉक्टर म्हणाले, ही कापसाची धूळ. जुनी आहे.
म्हटलं, साहेब, एवढ्या धुळीत
एक सिंगल चादर तरी निघेल की ओ.
ते हसले नाहीत.
भूदेवी बाहेर बाकड्यावर, पिशवी धरून.
तिला कुणी आत बोलावलं नाही.
तीही आली नाही.

पहिल्या आठवड्यात : अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी,
एकदा पंच्याऐंशी.
रोज सकाळी सहाला फोन.
"नाना, इकडे या. मशीन घेऊ. मी बघतो हप्त्याचं."
त्याचे हप्ते मला माहीत आहेत.
घराचा, गाडीचा, पोरीच्या शाळेचा.
त्यात आता माझ्या श्वासाचा.

म्हणून बुधवारी रात्री
घरकुलाच्या स्लॅबवर अंथरूण टाकल्यावर
घड्याळ काढलं
आणि भूदेवीच्या हाताला बांधलं.
हिला काय झालंय?
ताप आला तरी सूप मांडीवर असायचं हिच्या.
हजार विड्या, मग चूल, मग राहिलेली पानं कापायची.
"काचतंय," म्हणाली.
म्हटलं, घट्टच लागतं.

त्या रात्री ती झोपलीच नाही.
दिवा विझतो का बघत राहिली.
सकाळी शहाण्णव.
पोरगा फोनवर नाचायचाच बाकी.
"बघा नाना! औषध लागू पडलं!"
आम्ही दोघं खूप दिवसांनी हसलो,
कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर तेल,
आणि हसता हसता मला खोकला आला
तशी तीही खोकली.
मी म्हटलं, तिखट गेलं असेल.

शुक्रवारी दमून झोपली ती.
हवा हलत नव्हती. दगडसुद्धा गरम.
मी उशीला टेकून बसलेला,
आडवं झालो की बुडाल्यासारखं होतं मला.

फोन सहाला नाही,
तीनला वाजला.

"नाना, एक्क्याऐंशी! उठून बसा!"
बसलोच आहे.
"बोला ना काहीतरी. कसं वाटतंय?"

मी शेजारी बघितलं.
तोंड उघडं. गालाखाली हात.
गळ्याची खळगी आत जात होती, थांबत होती,
मग पुन्हा कुठूनतरी वर येत होती.
मनगटाखालून तांबडं.

कारखान्यात चेकर हिच्या विड्या मोजायचा.
छाट काढायचा, त्याचे पैसे कापायचा.
चाळीस वर्षं ती घरी आणत होती
पदरात, केसांत, नखांत तंबाखू,
आणि मी म्हणायचो, वास येतो गं.
एवढंच म्हणायचो.

"नाना, घड्याळ सैल तर नाही ना झालं?
एकदा बघा. सैल असेल तर आकडा खोटा."

मी बोट घालून बघितलं.
पट्ट्याखाली बोट शिरेना.

"घट्ट आहे," म्हटलं.
"मीच बांधलंय."

पुढचं वाक्य जेमतेम चार शब्दांचं होतं.
पण माझ्याकडे तेव्हा
दोन शब्दांपुरताच श्वास होता,
आणि तो मी तिला हलवण्यात घातला :
"ले, भूदेवी."

पलीकडे पोरगा विचारत होता,
आईला का उठवताय?